तारा, ग्रह की लघुग्रह? नुंगमबाक्कमच्या वेधशाळेतले उत्तर

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर रात्री उभे राहिले की समुद्रात दूरवर दिवे दिसतात. बरेचसे दिवे बंदरात शिरण्याची वाट पाहत नांगरून पडलेल्या मालवाहू जहाजांचे असतात, एखादा मासेमारीच्या नावेचा असतो. कोणता दिवा कशाचा, हे एका नजरेत सांगता येत नाही, कारण जवळचा छोटा दिवा आणि लांबचा मोठा दिवा डोळ्याला सारखेच दिसतात. पण कोणता दिवा कोणत्या दोन दिव्यांच्या मध्ये आहे हे लक्षात ठेवून अर्ध्या तासाने पुन्हा पाहिले, तर जहाजांचे दिवे जागच्या जागी असतात आणि नावेचा दिवा सरकलेला असतो. आकाशातले कोडे याच जातीचे आहे. तिथेही सगळी टिंबेच दिसतात. त्यांतली काही स्वतःच्या प्रकाशाने जळणारे सूर्य आहेत, ज्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला वर्षे लागतात; काही सूर्याचा उसना प्रकाश परतवणारे ग्रह आहेत, ज्यांचा प्रकाश काही मिनिटांत किंवा तासांत पोचतो; आणि काही शेपन्नास किलोमीटरचे दगड आहेत. अंतरात लाखो पटींचा फरक असलेल्या या वस्तू एकाच काळ्या पडद्यावर चिकटवल्यासारख्या दिसतात. मग त्यांना वेगळे केले कोणी आणि कशाच्या जोरावर?

शाळेतल्या पुस्तकात उत्तर व्याख्यांच्या रूपात मिळते: तारा म्हणजे स्वयंप्रकाशी गोल, ग्रह म्हणजे ताऱ्याभोवती फिरणारा परप्रकाशी गोल, उपग्रह म्हणजे ग्रहाभोवती फिरणारा. व्याख्या बरोबर आहेत, पण आकाशात बघताना त्या कामी येत नाहीत. टिंबाच्या अंगावर 'परप्रकाशी' असे लिहिलेले नसते. माझे म्हणणे असे की या साऱ्या संज्ञा बदलाच्या मोजमापातून आल्या आहेत: टिंबाची जागा किती बदलली, तेज किती बदलले आणि तेवढ्यात वेळ किती गेला. एका क्षणाचे निरीक्षण, दुर्बीण कितीही मोठी असली तरी, फारसे काही सांगत नाही. याचा पुरावा शोधायला दूर जायला नको. चेन्नईतल्या नुंगमबाक्कम भागात, कॉलेज रोडवरच्या हवामान केंद्राच्या आवारात, जुन्या मद्रास वेधशाळेचा ग्रॅनाइटचा खांब आजही उभा आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी विल्यम पेट्री यांनी १७८६ मध्ये स्वतःच्या हौसेने सुरू केलेली वेधशाळा कंपनीने ताब्यात घेतली आणि १७९२ मध्ये नुंगमबाक्कमला तिची इमारत उभी राहिली. त्यानंतरच्या शतकात तिथे जे घडले, त्यात या प्रश्नाचे जवळजवळ सगळे पैलू सापडतात. तिथली दोन अपयशेही यशाइतकीच बोलकी आहेत.

लुकलुकण्याची कसोटी कुठे फसते

पहिला आक्षेप सहज सुचणारा आहे. तारे लुकलुकतात, ग्रह लुकलुकत नाहीत, मग एका नजरेत ओळख पटतेच की! या कसोटीत तथ्य आहे. तारा इतका दूर असतो की त्याला दिसण्याजोगे बिंब नसते. त्याच्याकडून येणारी प्रकाशाची बारीक शलाका हलत्या हवेतून येताना इकडेतिकडे वळते आणि तेज क्षणोक्षणी कमीजास्त भासते. गुरूला मात्र बिंब असते. आकाशातले कोन मोजायला अंश वापरतात, अंशाचा साठावा भाग म्हणजे कला आणि कलेचा साठावा भाग म्हणजे विकला. पौर्णिमेचा चंद्र साधारण अर्ध्या अंशाचा, म्हणजे १,८०० विकलांचा दिसतो, तर गुरू चाळीस-पन्नास विकलांचा. त्या बिंबाच्या एका कडेचा प्रकाश मंदावतो तेव्हा दुसऱ्या कडेचा वाढतो आणि बेरीज स्थिर राहते. म्हणून गुरू शांत दिसतो.

पण नेमकी गरज असते तिथे ही कसोटी साथ सोडते. क्षितिजाजवळ हवेचा थर जाड असल्यामुळे ग्रहही थरथरतात. युरेनसचे बिंब जेमतेम चार विकलांचे, त्यामुळे तो अंधूक ताऱ्यासारखाच दिसतो. १६९० मध्ये जॉन फ्लॅमस्टीड यांनी त्याला वृषभ राशीतला एक तारा म्हणून नोंदवून टाकले होते. तो ग्रह आहे हे १७८१ मध्ये विल्यम हर्शेल यांच्यामुळे कळले. लघुग्रहांची गोष्ट तर विचारायलाच नको. मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांच्या मधल्या पट्ट्यात सूर्याभोवती फिरणारे हे दगड इतके लहान की साठ किलोमीटरच्या लघुग्रहाचे बिंब विकलेच्या विसाव्या भागाएवढे भरते. पृथ्वीवरून साध्या दुर्बिणीतून पाहताना हवेमुळेच प्रत्येक टिंब विकलाभर पसरते. त्यात ते बिंब कुठल्या कुठे बुडून जाते.

नेपच्यूनचा किस्सा याहून शिकवणारा आहे. फ्रान्समधले खगोलज्ञ लालांद यांच्या वेधशाळेत ताऱ्यांची सूची बनवण्याचे काम चालू होते. ८ मे १७९५ रोजी एका 'ताऱ्याचे' स्थान नोंदले गेले. १० मे रोजी तेच टिंब पुन्हा मोजले तेव्हा स्थान जुळेना. पहिल्या वेळी मोजताना चूक झाली असावी असे समजून जुनी नोंद बाजूला टाकण्यात आली. दोन नोंदींतला तो फरक म्हणजेच नेपच्यूनची गती होती! त्यानंतर पन्नास वर्षांनी, १८४६ मध्ये, गणिताने सांगितलेल्या जागेच्या आसपास बर्लिनच्या गाले यांनी दुर्बीण रोखली आणि नव्या तारकानकाशाशी टिंबे पडताळून एका रात्रीत तो ग्रह ओळखला. दुर्बिणीतून नेपच्यून दिसणे आणि तो ग्रह म्हणून सापडणे यांच्यामध्ये अर्धे शतक गेले.

आधी नकाशा, मग शोध

सरकणारे टिंब ओळखायचे तर न सरकणाऱ्यांची चोख यादी हवी. मद्रास वेधशाळेत हे काम नेटाने झाले. १८३० ते १८४८ या काळात तिचे प्रमुख असलेले टॉमस ग्लॅनव्हिल टेलर यांनी सुमारे ११,००० ताऱ्यांची स्थाने मोजून सूची तयार केली. हे काम कंटाळवाणे वाटेल. एकेक तारा डोक्यावरून जाणारी दक्षिणोत्तर रेषा कधी ओलांडतो ती वेळ घड्याळावर टिपायची, त्या क्षणी तो किती उंचीवर आहे ते मोजायचे आणि हे वर्षानुवर्षे करत राहायचे. त्यातून एकही 'शोध' लागत नाही. पण अशा याद्या नसत्या तर पुढचा एकही शोध लागला नसता. विज्ञानाच्या इतिहासात सूची करणाऱ्यांना मिळायला हवा तेवढा मान मिळालेला नाही असे मला वाटते.

१८६१ च्या आरंभी नॉर्मन पॉग्सन इंग्लंडहून मद्रासला प्रमुख म्हणून आले. ऑक्सफर्डला असताना त्यांनी तीन लघुग्रह शोधले होते. मद्रासला येऊन काही आठवडेच झाले असताना, १७ एप्रिल १८६१ रोजी, त्यांना ज्ञात ताऱ्यांत न बसणारे एक टिंब सापडले. आशिया खंडातून शोधला गेलेला तो पहिला लघुग्रह. त्याचे नावच 'एशिया' ठेवले गेले आणि क्रमांक मिळाला ६७. पुढे १८६४ मध्ये सॅफो, १८६६ मध्ये सिल्व्हिया, १८६८ मध्ये कॅमिला आणि १८८५ मध्ये व्हेरा असे आणखी चार लघुग्रह त्यांनी नुंगमबाक्कमहून शोधले.

असे टिंब सरकते तरी किती? एशिया सूर्यापासून सरासरी २.४ खगोलीय एकक अंतरावर आहे. खगोलीय एकक म्हणजे पृथ्वी आणि सूर्य यांतले सरासरी अंतर, सुमारे १५ कोटी किलोमीटर. सूर्यमालेतली अंतरे याच मापाने सांगतात. सूर्यापासून जितके दूर तितका वेग कमी, म्हणून पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर धावते तर एशियासारखा लघुग्रह एकोणिसाच्या आसपास. त्याला सूर्याभोवतीच्या एका फेरीसाठी पावणेचार वर्षे लागतात. पृथ्वी आतल्या मार्गाने येऊन त्याला मागे टाकते तेव्हा सूर्य, पृथ्वी आणि लघुग्रह एका ओळीत येतात. या स्थितीला प्रतियुती म्हणतात. त्या सुमाराला लघुग्रह सर्वांत जवळ, सर्वांत तेजस्वी आणि मध्यरात्री आकाशात उंच असतो. वेगातल्या फरकामुळे तो ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर रोज सुमारे पाव अंश उलट दिशेने, पश्चिमेकडे सरकताना दिसतो. पंचांगात ग्रह 'वक्री' झाला असे म्हणतात ते हेच. ग्रह मागे वळलेला नसतो, आपण त्याच्या पुढे गेलेलो असतो. रोज पाव अंश म्हणजे तासाला सुमारे ३७ विकला, गुरूच्या बिंबाहून थोडे कमी. चार तास धीर धरणाऱ्याला हा बदल दुर्बिणीत स्पष्ट दिसतो.

या सरकण्यातच अंतराचा अंदाजही दडलेला असतो. सूर्याभोवती फिरणारी वस्तू जितकी जवळ तितकी तिची रोजची चाल मोठी. शनी प्रतियुतीच्या वेळी दिवसाला सुमारे पाच कला चालतो, नेपच्यून दीड कलेच्या आसपास. ताऱ्यांचे पाहावे तर पृथ्वी कक्षेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला, म्हणजे ३० कोटी किलोमीटर गेली तरी सर्वांत जवळच्या ताऱ्याची जागा दीडएक विकलाच हलते. पाहणाऱ्याची जागा बदलल्याने वस्तूची जागा बदललेली दिसणे याला पराशय म्हणतात. मे महिन्यात चेन्नईच्या दक्षिण आकाशात ठळक दिसणारा मित्र हा तारा त्या जवळच्या ताऱ्यांपैकी एक. तो सव्वाचार प्रकाशवर्षांहून थोडा दूर आहे. प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाशाने वर्षभरात कापलेले अंतर, साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. सूर्याचा प्रकाश आपल्याला आठ मिनिटे वीस सेकंदांत गाठतो, यावरून सूर्यमाला आणि तारे यांच्यामधली दरी ध्यानात यावी.

तेज मोजायचे कसे

जागेचे झाले, आता तेज. ताऱ्यांचे तेज 'प्रत' या मापाने सांगतात. प्राचीन ग्रीकांनी दिसणाऱ्या ताऱ्यांचे सहा वर्ग पाडले होते: सर्वांत ठळक ते पहिल्या प्रतीचे, जेमतेम दिसणारे सहाव्या प्रतीचे. म्हणून आकडा वाढला की तेज कमी होते. वर्ग होते, पण एका वर्गापासून दुसऱ्यापर्यंत नेमके किती तेज घटते हे ठरलेले नव्हते. दुर्बिणी आल्यावर सातव्या, दहाव्या, बाराव्या प्रतीचे तारे दिसू लागले आणि एकाची दहावी प्रत दुसऱ्याच्या दहाव्या प्रतीशी जुळेना. पहिल्या आणि सहाव्या प्रतीत साधारण शंभरपट फरक आहे हे लक्षात आलेले होते. पॉग्सन यांनी १८५६ मध्ये सुचवले की पाच प्रतींचा फरक म्हणजे नेमका शंभरपट असे धरावे. मग एका प्रतीचा फरक २.५१२ पट येतो, कारण २.५१२ ला स्वतःने पाच वेळा गुणले की शंभर होतात. वेगवेगळ्या निरीक्षकांची गुणोत्तरे याच्या थोडी अलीकडेपलीकडे होती. हा आकडा निवडण्याचे एक कारण अगदी व्यवहारी होते: लॉगरिदमच्या कोष्टकात तो ०.४ असा सुटसुटीत बसतो आणि हिशेब सोपा होतो. जगभर आजही हेच माप चालते.

हे माप कशासाठी सुचले ते पाहण्यासारखे आहे. पॉग्सन यांचा तो लेख ३६ लघुग्रहांच्या १८५७ सालच्या दर महिन्याच्या पहिल्या तारखेच्या प्रतींबद्दल होता. लघुग्रहाचे तेज दोन अंतरांवर अवलंबून असते: सूर्यापासून तो किती दूर, म्हणजे त्याच्यावर प्रकाश किती पडतो, आणि आपल्यापासून किती दूर, म्हणजे परतलेला प्रकाश आपल्याला किती मिळतो. ही दोन्ही अंतरे सतत बदलत असल्याने त्याची प्रतही बदलत राहते. पुढल्या महिन्यात कितव्या प्रतीचे टिंब शोधायचे हे आधी सांगता आले नाही, तर हजारो टिंबांच्या गर्दीत ते हाती लागायचे नाही. साऱ्या ताऱ्यांना आज लागू असलेले माप या हरवणाऱ्या दगडांच्या शोधासाठी पक्के झाले.

चौकट : प्रतींची शिडी

सूर्य उणे २६.७, पौर्णिमेचा चंद्र उणे १२.७, शुक्र सर्वांत ठळक असताना उणे ४.९ च्या आसपास, व्याध उणे १.५, अभिजित शून्य, अंधाऱ्या आकाशात नुसत्या डोळ्यांना दिसणारी सीमा ६. सूर्य आणि पूर्णचंद्र यांत १४ प्रतींचा फरक, म्हणजे तेजात सुमारे चार लाख पटींचा. अकराव्या प्रतीचा लघुग्रह नुसत्या डोळ्यांच्या सीमेहून शंभरपट अंधूक असतो.

जागा न सोडता बदलणारे

आता एक आक्षेप असा येईल की तारे सरकतच नाहीत (निदान एका आयुष्यात डोळ्याला जाणवेल इतके), तर बदलाची ही कसोटी ताऱ्यांबद्दल काय सांगणार? याचे उत्तर नुंगमबाक्कमच्याच चिंतामणी रघुनाथाचारी यांनी दिले. पंचांगकर्त्यांच्या घराण्यातले रघुनाथाचारी वेधशाळेत पॉग्सन यांचे पहिले सहायक होते. १८६७ मध्ये त्यांच्या ध्यानात आले की दक्षिणेकडच्या जालक या छोट्या तारकासमूहातल्या एका ताऱ्याचे तेज बदलते. हा तारा आता 'आर रेटिक्युली' या नावाने ओळखला जातो. अशा ताऱ्यांना रूपविकारी तारे म्हणतात. आर रेटिक्युली सुमारे २८० दिवसांत उजळतो आणि पुन्हा मंदावतो, आणि त्या दोन टोकांतला फरक शेकडो पटींचा असतो. असे तारे म्हातारे, फुगलेले असून त्यांचे बाहेरचे थर आलटून पालटून प्रसरण आणि आकुंचन पावतात. म्हणजे केवळ तेजाचा चढउतार टिपत राहिल्याने ताऱ्याच्या आतल्या घडामोडींचा सुगावा लागला. मद्रासच्या जागेचा इथे फायदा झाला. हा तारा खगोलीय विषुववृत्ताच्या ६३ अंश दक्षिणेला आहे. मुंबईहून तो क्षितिजावर आठ अंशही येत नाही, मद्रासहून चौदा अंशांच्या आसपास चढतो. युरोपातल्या वेधशाळांना तो दिसतच नव्हता.

रघुनाथाचारी यांचे दुसरे कामही याच विचारातून आलेले आहे. ग्रंथातल्या जुन्या कोष्टकांनी सांगितलेली ग्रहस्थाने आणि प्रत्यक्ष आकाशातली स्थाने यांत अंतर पडत चालले होते, म्हणून वेधांशी जुळणारे दृग्गणित पंचांग त्यांनी काढले. ९ डिसेंबर १८७४ रोजी शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसणार होता. या अधिक्रमणाची माहिती देणारी पुस्तिका त्यांनी लिहिली आणि ती अनेक भारतीय भाषांत निघाली. मराठी मुलखात हीच धडपड केरो लक्ष्मण छत्रे करत होते. त्यांची 'ग्रहसाधनाची कोष्टके' १८६० मध्ये प्रसिद्ध झाली आणि पटवर्धनी पंचांग त्यांच्या आधाराने निघू लागले. गणित आणि वेध जुळत नसतील तर गणित दुरुस्त करायचे, हा आग्रह मद्रास आणि मराठी मुलूख दोन्हीकडे एकाच दशकात धरला जात होता. परंपरेवर निष्ठा असलेली माणसे तो धरत होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

घड्याळ चुकले की आकाश चुकते

जागेतला बदल मोजायचा तर वेळ अचूक हवी. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून सारे आकाश तासाला १५ अंश सरकते. घड्याळ एका सेकंदाने चुकले तरी विषुववृत्ताजवळच्या ताऱ्याचे स्थान १५ विकलांनी चुकते. आणि एका वेधशाळेची नोंद दुसरीच्या नोंदीशी ताडायची तर दोघींच्या घड्याळांत किती फरक हे माहीत हवे, म्हणजेच रेखांश हवा. मद्रास वेधशाळेतले जॉन गोल्डिंगहॅम यांनी त्यासाठी गुरूच्या उपग्रहांची ग्रहणे वापरली. गुरूचा उपग्रह गुरूच्या सावलीत शिरतो तो क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच असतो. ग्रीनिचला तेव्हा किती वाजले असतील हे कोष्टकात असते आणि मद्रासला किती वाजले हे आपल्या घड्याळात दिसते. दोन्हींतला फरक म्हणजे रेखांश. गोल्डिंगहॅम यांचे उत्तर आले ८० अंश १८ कला ३० विकला. वेळेत सांगायचे तर ग्रीनिचच्या पुढे ५ तास २१ मिनिटे १४ सेकंद. हीच 'मद्रास वेळ' पुढे भारतातल्या रेल्वेची वेळ झाली आणि १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ येईपर्यंत चालली. १८०२ मध्ये विल्यम लॅम्ब्टन यांनी सेंट टॉमस माउंटजवळ पायारेषा मोजून ज्या सर्वेक्षणाची सुरुवात केली, त्याच्या नकाशांचा आधारही हाच रेखांश होता.

तो थोडा चुकीचा निघाला. खरा रेखांश ८० अंश १५ कलांच्या जवळ आहे, म्हणजे चूक सुमारे १५ सेकंदांची, जमिनीवर साडेसहा किलोमीटरांची. कारण साधे आहे. उपग्रह सावलीत शिरतो तेव्हा दिवा मालवल्यासारखा विझत नाही, तो हळूहळू मंदावतो. 'आता दिसेनासा झाला' हा क्षण दुर्बिणीगणिक आणि डोळ्यागणिक बदलतो, शिवाय त्या काळची कोष्टकेही पूर्ण निर्दोष नव्हती. पुढे तारयंत्राने दोन ठिकाणची घड्याळे थेट जुळवता येऊ लागली तेव्हा ही अडचण दूर झाली.

दोन रात्री पुरत नाहीत

बदल टिपला की ओळख पटली, असेही नाही. १८७२ ची घटना ही मर्यादा दाखवते. बिएला नावाचा धूमकेतू १८४६ मध्ये दुभंगला होता, १८५२ नंतर दिसला नव्हता. धूमकेतू म्हणजे बर्फ आणि धुळीचा गोळा. सूर्याजवळ आला की बर्फाची वाफ होते आणि धूळ मागे सुटते. २७ नोव्हेंबर १८७२ रोजी पृथ्वी बिएलाच्या मार्गावरून गेली आणि उल्कांचा मोठा वर्षाव झाला. जर्मनीतल्या ग्योटिंगेनहून क्लिंकरफ्यूस यांनी पॉग्सन यांना तार केली: बिएला पृथ्वीला चाटून गेला आहे, दक्षिणेला नरतुरंग तारकासमूहात शोधा. डिसेंबरच्या सुरुवातीला लागोपाठ दोन पहाटे पॉग्सन यांना तिथे खरोखरच एक धूमकेतू दिसला. मग मद्रासचे आकाश ढगाळले आणि तो पुन्हा कधी सापडला नाही.

दोन निरीक्षणांतून कक्षा निघत नाही. कक्षा ठरवायला तिचा आकार, लांबटपणा, कल आणि त्यावर वस्तू कुठे आहे, अशा सहा राशी लागतात. प्रत्येक निरीक्षण आकाशातल्या स्थानाचे दोन आकडे देते, अंतर देत नाही. म्हणजे किमान तीन वेगवेगळ्या वेळांची निरीक्षणे हवीत. पॉग्सन यांच्याकडे एक कमी पडले. आजच्या यादीतही तो धूमकेतू कक्षा न काढता आलेल्यांच्या वर्गात आहे. दिसला, मोजला, तरी तो बिएलाचा तुकडा होता की भलताच कोणी, हे कक्षेवाचून कोण ठरवणार?

आता सर्वांत गंभीर आक्षेप. बदल हाच पुरावा मानला तर मोजमापातली चूकही बदलासारखीच दिसते, मग खरे-खोटे कसे ठरवायचे? मद्रास वेधशाळेचे प्रमुख विल्यम जेकब यांनी १८५५ मध्ये भुजंगधारी तारकासमूहातल्या ७० क्रमांकाच्या जोडताऱ्याबद्दल लिहिले की एकमेकांभोवती फिरणाऱ्या या दोन ताऱ्यांच्या मार्गात गणिताशी न जुळणारी विचलने आहेत आणि ती तिथल्या एखाद्या न दिसणाऱ्या ग्रहामुळे असू शकतील. सूर्याखेरीज अन्य ताऱ्याभोवती ग्रह असल्याचा, वेधांवर उभा असलेला हा अगदी सुरुवातीचा दावा. तो टिकला नाही. जेकब यांचा तर्क सदोष नव्हता. नेपच्यूनचा शोध युरेनसच्या मार्गातल्या अशाच विचलनांतून लागला होता. फरक इतकाच की युरेनसचे विचलन मोजमापाच्या चुकीपेक्षा कितीतरी मोठे होते, तर इथले चुकीच्याच मापाचे होते. लालांद यांनी खऱ्या बदलाला चूक मानले आणि जेकब यांनी चुकीला बदल. दोघांनाही वाचवू शकला असता असा एकच उपाय होता: आपल्या मोजमापात किती चूक असू शकते हे आधी मोजणे आणि मग पुन्हा पुन्हा पाहणे. म्हणून चूक किती असू शकते हे मोजल्याशिवाय बदलाची कसोटी अपुरी आहे, हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. त्याने मूळ म्हणणे मोडत नाही, जास्त काटेकोर होते.

यंत्रे आली तरी

कोणी म्हणेल, हे डोळ्याने वेध घेण्याच्या काळातले झाले. आता कॅमेरे आणि संगणक आहेत. साधने बदलली हे खरेच. मद्रासची खगोलीय कामे १८९९ मध्ये कोडाईकनालला गेली. पुढे जवादी टेकड्यांत कावलूरला वेधशाळा उभी राहिली. तिथे १७ फेब्रुवारी १९८८ रोजी आर. राजमोहन यांना एक लघुग्रह सापडला, ४१३० क्रमांकाचा, ज्याला रामानुजन यांचे नाव आहे. व्हेरानंतर भारतातून लघुग्रह सापडायला शंभरावर वर्षे लागली. छायाचित्रांवर टिंबे टिपली गेली होती, पण एका वेळच्या छायाचित्रातली टिंबे दुसऱ्या वेळच्या छायाचित्राशी ताडल्याशिवाय काही हाती लागत नव्हते. तेजाच्या बदलाचेही तसेच. १० मार्च १९७७ रोजी युरेनस एका ताऱ्यासमोरून जाणार होता. दूरची वस्तू जवळच्या वस्तूने झाकली जाणे याला पिधान म्हणतात. युरेनसचे बिंब ताऱ्यापाशी पोचण्याआधीच ताऱ्याचे तेज काही क्षण घटले. अमेरिकन शास्त्रज्ञांनी विमानातल्या दुर्बिणीतून हे टिपले, कावलूरच्या एक मीटर दुर्बिणीतही ते नोंदले गेले. कोणत्याही छायाचित्रात न दिसलेली युरेनसची कडी अशी कळली. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेने २०२५ च्या जूनमध्ये पहिल्या प्रतिमा दाखवल्या तेव्हा सुमारे दहा तासांच्या निरीक्षणांत २,१०४ नवे लघुग्रह सापडले. संगणकाने तिथे एका वेळची प्रतिमा दुसऱ्या वेळच्या प्रतिमेतून वजा केली आणि उरलेली टिंबे तपासली.

पॉग्सन यांनी १८६६ मध्ये नुंगमबाक्कमहून पाहिलेला सिल्व्हिया हा सरकणारा ठिपका होता, इतकेच तेव्हा सांगता येत होते. त्याचे तेज ठरावीक वेळाने कमीजास्त होते, त्यावरून तो लांबोडका असून पाच तास अकरा मिनिटांच्या आसपास स्वतःभोवती एक फेरी मारतो हे समजले. २००१ मध्ये त्याच्याभोवती फिरणारा एक उपग्रह सापडला, २००४ च्या निरीक्षणांत दुसरा. दोन उपग्रह असलेला हा पहिला ज्ञात लघुग्रह. त्यांची नावे रोम्युलस आणि रेमस. उपग्रह किती अंतरावरून किती वेळात फिरतात हे कळले की मधल्या वस्तूचे वस्तुमान काढता येते. वस्तुमानाला आकारमानाने भागले तर सिल्व्हियाची घनता पाण्याच्या दीडपटीहूनही कमी भरते. अखंड खडक याच्या दुप्पट जड असतो. सिल्व्हिया म्हणजे आत भरपूर पोकळ्या असलेला, गुरुत्वाकर्षणाने कसाबसा एकत्र राहिलेला दगडधोंड्यांचा ढीग आहे.